सातही वेळा तेच उत्तर

१२ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडणार असशील तर फाड, पण आधी पुढचा परिच्छेद वाच. तो कामाचा आहे.

येत्या आठवड्यात तुला कॅल्क्युलसच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या कार्यालयाकडून एक पाकीट येईल. त्यात सूचना आहे आणि अर्ज कुठे भरायचा ते आहे. तुझा अभ्यासक्रम जिथे थांबला होता तिथून पुन्हा उघडून मिळणार आहे. राहिलेले आठवडे पुरे करायचे आणि शेवटची परीक्षा द्यायची. संमती अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत कळवायची आहे, ती तुझी तूच. त्यानंतर एक दिवसही वाढवून मिळणार नाही. भूमापनाच्या पदविकेचे प्रवेश जूनमध्ये असतात, म्हणजे प्रमाणपत्र वेळेत हातात पडेल. मी हिशेब करून पाहिला आहे.

ही संधी का मिळते आहे, तर काही तांत्रिक कारण आहे. कार्यालय कळवेल.

तुझा पत्ता काढण्यासाठी मी कुणाच्या मागे लागले नाही. खालच्या मजल्यावरच्या परिचारिकाबाईंनी नवा चष्मा केला, त्याची पावती त्या माझ्याच टेबलावर विसरल्या. दुकानाचं नाव, गल्ली, सगळं त्यावर आहे. त्या म्हणाल्या, "तुमची भाची काचा घासते तिथे. हात काय सुरेख आहे हो तिचा! पण तुमचं नाव काढलं तर एकदम मशीनच चालू केलं तिनं. पुढचं मला काही ऐकू आलं नाही." बाई भोळ्या आहेत. त्यांना वाटलं, तुला काम फार असावं.

मी ठीक आहे. गुडघा होता तसाच आहे. अजूनही प्रश्न लिहिते. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर हे काम धरलं तेव्हा वाटलं होतं दोन वर्षं करू. आता आठ झाली. प्रश्न लिहायचा, त्याचं उत्तर लिहायचं, आणि विद्यार्थ्यानं टाइप केलेलं उत्तर मशीननं कसं तपासायचं तेही लिहायचं. चूक की बरोबर, दोनच गोष्टी. मला हे काम मानवतं, असं तूच एकदा म्हणाली होतीस. कौतुकानं म्हणाली नव्हतीस, ते मला तेव्हाही कळलं होतं.

तुझ्या खोलीत मी काही ठेवलेलं नाही. धूळ बसते म्हणून पुसते, एवढंच.

अठ्ठावीस फेब्रुवारी. विसरू नकोस.

मावशी


२४ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. पण पाकीट मिळालं असेल आणि त्यातलं "तपासणी प्रणालीतील त्रुटी" हे वाचून तू हसली असशील. मी असते तर हसले असते. कार्यालयाच्या भाषेत कुणीच कधी काही करत नाही, त्रुटी आपली आपण होते. म्हणून नीट लिहिते. तुला यातलं बरंचसं माहीत आहे, तरी लिहिते. लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

सगळे प्रश्न नव्या यंत्रणेवर न्यायचे म्हणून कार्यालयानं एक तपासनीस नेमला. पन्नाशीचा गृहस्थ, कोटाच्या खिशात कायम दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं. मी त्याला शंकासुर म्हणते. आधी मनात म्हणत होते, परवा तोंडावर म्हटलं तर तो खूश झाला. इतर तपासनीस विद्यार्थी चुकला तर काय होईल ते पाहतात. हा विद्यार्थी शहाणा निघाला तर काय होईल ते पाहतो. प्रत्येक प्रश्नाला पाच वेगवेगळ्या वाटांनी बरोबर उत्तर देतो आणि मशीन मान्य करतं का ते बघत बसतो.

दहा जानेवारीला त्यानं मला फोन केला. "बाई, सहाव्या आठवड्यातला चौदावा प्रश्न कुणी लिहिलाय?"

"मी. का?"

"काही नाही. बसला आहात का आपण?"

"उभी आहे. बोला."

"मग बसा."

तो प्रश्न साइन आणि कॉस यांच्या गुणाकाराच्या इंटिग्रेशनचा आहे. पुस्तकात दिलेल्या वाटेनं गेलं तर उत्तरात साइनचा वर्ग येतो. आधी दुप्पट कोनाचं सूत्र वापरलं तर उत्तरात कॉस येतो, तोही वजा चिन्हासकट. दोन्ही उत्तरं दिसायला वेगळी, दोन्ही बरोबर. दोघांत फक्त एका ठराविक आकड्याचा फरक, उत्तराच्या शेवटी अधिक C लिहितात त्यात सामावणारा. एकाच जिन्याच्या पायऱ्या एकानं तळमजल्यापासून मोजाव्यात आणि दुसऱ्यानं रस्त्यापासून, तसं. पायरीची उंची बदलत नाही.

मशीन उत्तर वाचत नाही. ते x च्या जागी पाच संख्या घालतं आणि विद्यार्थ्याची किंमत माझ्या किमतीशी जुळते का पाहतं. इंटिग्रेशनच्या प्रश्नात असं सरळ जुळवून चालत नाही. पाचही ठिकाणी फरक एकसारखा आहे का, हे पाहावं लागतं. हे मला पहिल्या महिन्यात सुचलं नव्हतं. सुचलं तेव्हा त्या महिन्यात लिहिलेले चाळीसही प्रश्न मी काढले आणि एकेक करून दुरुस्त केले.

एकोणचाळीस केले. चौदावा मी त्रिकोणमितीच्या उजळणीच्या यादीत टाकला होता, इंटिग्रेशनच्या नाही. त्या यादीत मी गेलेच नाही. त्यानंतर जवळजवळ आठ वर्षं तो प्रश्न तसाच होता.

आठ वर्षांत दोनशे अकरा जणांनी दुसऱ्या वाटेनं उत्तर दिलं आणि त्यांना लाल फुली मिळाली. दोनशे आठ जणांनी मुकाट्यानं पुस्तकाची वाट धरली आणि पुढे गेले. तीन जण तिथेच अडकले. सगळे प्रश्न बरोबर आल्याशिवाय पुढचा आठवडा उघडत नाही, हा नियमही माझाच.

तिघांत तू आहेस.

तक्रारी कार्यालयाकडे जातात, हे तुला ठाऊक आहेच. तिथून तुला एक छापील उत्तर आलं होतं, असं नोंदीत दिसतं. ते चुकीचं होतं.

मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी.

मावशी


३ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

आज मी तुझी नोंद उघडली. आजवर उघडली नव्हती. नात्यातल्या माणसाचा पेपर पाहायचा नाही, हे मी एकतीस वर्षं पाळलं. माझ्या चुलतभावाचा मुलगा माझ्या वर्गात होता तेव्हा त्याचे पेपर मी दुसरीकडे पाठवत असे. तो नापास झाला आणि वहिनी माझ्याशी आठ वर्षं बोलल्या नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडा अभिमान वाटला.

नोंद अशी आहे. मंगळवार, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं: पहिलं उत्तर, लाल. पाच चौदा: दुसरं, लाल. पाच एकतीस: तिसरं. सहाला पाच कमी असताना चौथं. बुधवारी दुपारी बारा वाजून सहा, सात आणि आठ मिनिटांनी पाचवं, सहावं, सातवं. सातव्यानंतर प्रश्न बंद होतो.

सातही वेळा तेच उत्तर. एका अक्षराचा फरक नाही.

पहिल्यांदा मला तुझा राग आला. लाल फुली आल्यावर माणूस दुसरी वाट बघतो. दोनशे आठ जणांनी पाहिली. साइनचा वर्ग लिहून मोकळी झाली असतीस तर आज तू कुठे असतीस! दहा मिनिटांचं काम. तुला ती वाट येत नव्हती असंही नाही, तेराव्या प्रश्नात तू तीच वापरली आहेस.

मग लक्षात आलं की हा प्रश्न मी तुला विचारते आहे आणि तो मला कुणी विचारला असता तर मी काय म्हटलं असतं. मी म्हटलं असतं, बरोबर आहे ते मी का बदलू?

मंगळवारी सहाच्या सुमाराला तू कागद घेऊन माझ्या दारात आलीस. मला सगळं आठवतं, तुला वाटतं त्यापेक्षा जास्त. तुझ्या हाताला शाई होती. मी पुढच्या सत्राचे प्रश्न लिहीत होते आणि मान वर केली नव्हती.

"मावशी, एक मिनिट बघतेस?"

"काय आहे?"

"सहाव्या आठवड्यातलं चौदावं."

"मग नाही बघणार."

"अगं, उत्तर नको सांगूस. नुसती नजर टाक. मला वाटतं यात काहीतरी गडबड आहे."

"गडबड आहे असं प्रत्येकालाच वाटतं. एकतीस वर्षं ऐकतेय."

"मी प्रत्येकजण आहे का?"

"या बाबतीत, हो. शंका असेल तर सगळे करतात तशी तक्रार कर. खाली बटण आहे."

"बटण तूच बसवलंयस ना?" म्हणालीस आणि गेलीस. मला ते उद्धट वाटलं. जेवताना मी त्याबद्दल तुला बोललेही.

आता लिहिताना वाटतं, मान वर करायला किती वेळ लागला असता? पण हे आता लिहिणं सोपं आहे. त्या वेळी मी जे केलं ते योग्य समजून केलं. नियम आपल्या माणसासाठी मोडला तर तो नियम कसला? तुझी आई गेली तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. घरी आणल्या दिवशीच मी ठरवलं होतं की या मुलीला दयेवर वाढवायचं नाही. कुणी असं म्हणू नये की मावशी कॉलेजात होती म्हणून निभावलं. तू स्वतःच्या जोरावर उभी राहावीस. मला वाटायचं, यालाच माया म्हणतात.

अर्ज भर. माझ्यावरचा राग वेगळा आणि प्रमाणपत्र वेगळं. तुला नकाशे काढायचे होते. नववीत असताना तू या घराचा नकाशा पावलांनी मोजून काढला होतास आणि माझ्या खोलीचं दार चुकीच्या भिंतीत दाखवलं होतंस. मी ते लाल पेन्सिलीनं दुरुस्त केलं होतं.

पंचवीस दिवस उरले.

मावशी


११ फेब्रुवारी

ठकी,

दुसऱ्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. तिसऱ्यात ते दुरुस्त करायची संधी होती, तेव्हा मी तिथून बाजूनं निघून गेले. आज सरळ लिहिते.

तक्रारी कार्यालयाकडे जात नाहीत. ज्यानं प्रश्न लिहिला त्याच्याकडे जातात. माझ्या प्रश्नांच्या तक्रारी माझ्याकडे येतात. आठवड्याला तीस-चाळीस. त्यांना द्यायची पाच छापील उत्तरं मी करून ठेवली आहेत. एक: कंस तपासा. दोन: टाइप करताना चूक झाली आहे. तीन: आपले उत्तर चुकीचे आहे, कृपया पद्धत पुन्हा तपासा. चार आणि पाच कधी लागत नाहीत. तीस तक्रारींत अठ्ठावीस तरी तिसऱ्या क्रमांकाच्याच असतात, आणि खरोखर असतातच. म्हणून मी उघडून बघणं केव्हाच सोडलं होतं.

तक्रारीवर नाव नसतं, नोंदणी क्रमांक असतो. तुझा क्रमांक मला पाठ होता. तुझं नाव मीच नोंदवलं होतं.

बुधवारी सकाळी साडेअकराला तुझी तक्रार आली. एकच ओळ होती: "हे उत्तर बरोबर आहे. पुन्हा पाहा." खाली कागदाचा फोटो जोडला होता. मी फोटो उघडला नाही. क्रमांक पाहिला, आणि मला वाटलं की काल दारातून जमलं नाही ते ही आज खिडकीतून करते आहे. माझी परीक्षा बघते आहे. मी तीन दाबलं. मग उठून चहा केला. तुलाही दिला. तू पुस्तकावर डोकं ठेवून बसली होतीस. "आलं का काही उत्तर?" असं मी विचारलं. हे मी का विचारलं ते मला अजून सांगता येत नाही. तू "नाही अजून" म्हणालीस.

ते तुला बाराला मिळालं असावं. त्यानंतरची तीन उत्तरं तू तीन मिनिटांत दिलीस. ती उत्तरं नव्हती हे मला आता कळतं.

जेवताना तू म्हणालीस, "माझं उत्तर बरोबर आहे."

"मग मशीन चुकलं?"

"हो."

"ते मशीन मी लिहिलंय."

"म्हणूनच तर म्हणतेय, तू बघ."

"म्हणूनच मी बघणार नाही."

अकरा दिवसांनी तू बॅग भरलीस. प्रवेशाची तारीख तोवर गेली होती. जाताना दारात म्हणालीस, "तुझं मशीन बरोबर असू दे, मावशी." मी म्हटलं, "पोचल्यावर कळव." असं आपण कुणालाही म्हणतो.

आता कार्यालयाचं. साहेबांचं म्हणणं होतं की प्रश्न गुपचूप दुरुस्त करू आणि विषय संपवू. "बाई, जुनी मढी कशाला उकरून काढता? तिघेच तर आहेत." मी म्हटलं, तिघांनाही लेखी कळवा, अभ्यासक्रम उघडून द्या, नाहीतर मी दोनशे अकरा जणांना माझ्या सहीनं कळवते. ते म्हणाले, "एवढं काय अडलंय तुमचं?" मी म्हटलं, तिसरी माझी भाची आहे. शंकासुरानं खिशातलं न चालणारं पेन काढलं आणि कागदावर ओढत बसला.

उरलेल्या दोघांपैकी एक ट्रकचालक आहे. त्याला मी स्वतः फोन केला. त्यानं मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "मला वाटलं माझंच डोकं चालत नाही, बाई. बायकोलाही तेच सांगितलं. आता तिला काय सांगू?" मी म्हटलं, खरं ते सांगा. तो हसला. म्हणाला, "ते तुम्ही सांगा, तुमचा आवाज कडक आहे." मी त्याच्या बायकोशी बोलले. त्यानं संमती दिली आहे. दुसरी एक बाई आहे, तिचा पत्ता बदलला, शोध चालू आहे.

तुला फोन करण्याचं धाडस मला होत नाही. कागदावर मी बरी असते.

तू काही लिहावंस असं मी म्हणत नाही. अर्ज तेवढा भर.

मावशी


२७ फेब्रुवारी

ठकी,

आज सकाळपर्यंत तुझ्या नावापुढे "उत्तर नाही" असंच होतं. मी दिवसातून चार-पाचदा पाहत होते. शंकासुर म्हणाला, "बाई, सारखं पाहून रंग बदलत नाही त्याचा."

मी एक गोष्ट केली आहे, ती तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी कळवते.

तुझा क्रमांक मला पाठ आहे हे लिहिलंच. पासवर्ड मीच घातला होता, तो तू बदललेला नाहीस. दुपारी मी तुझ्या नावानं आत गेले. संमतीचं पान उघडलं. खाली लिहिलं आहे: "मी स्वतः विचारपूर्वक संमती देत आहे." ते वाक्य मी तीन वेळा वाचलं. मग दाबलं.

मुदत टळू नये, एवढाच हेतू होता. संमती दिली म्हणजे परीक्षा दिलीच पाहिजे असं नाही. नको असेल तर सोडून दे. पण दार उघडं राहिलं. अडीच वर्षांपूर्वी माझ्यामुळे ते बंद झालं, पुन्हा माझ्या डोळ्यांदेखत बंद होताना मला पाहवेना. तुझ्या हट्टापायी तुझंच नुकसान व्हावं आणि मी हातावर हात ठेवून बसावं, हे एकदा करून झालं आहे.

शंकासुरानं विचारलं, "दिली का तिनं?" मी "हो" म्हटलं. तो इतका आनंदला की त्यानं मला खुर्ची ओढून दिली. मी बसले नाही.

एकतीस वर्षांत मी दुसऱ्याच्या नावानं सही केलेली नाही.

पुढचा आठवडा सोमवारी उघडेल.

मावशी


९ मार्च

ठके,

तुझी चिठ्ठी मिळाली. दुकानाच्या पावतीच्या मागे लिहिली आहेस. अक्षर बदललेलं नाही. ती मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे, म्हणजे मला लिहिताना दिसत राहील आणि मी काही इकडचं तिकडे करणार नाही. तुझीच वाक्यं उतरवते:

"मावशी, संमती मी दिलेली नव्हती. ती मी काढून घेतली आहे आणि पासवर्ड बदलला आहे. तुझी पत्रं सगळी वाचली. मला राग आहे की नाही ते ठरत नव्हतं. अठ्ठावीसला दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी अर्ज उघडला. भरणार होते की नुसता बघणार होते, खरंच माहीत नाही. त्यावर 'संमती मिळाली' असं आधीच लिहिलेलं होतं. आता ते कधीच कळणार नाही. त्या दुसऱ्या बाईंचा पत्ता लागला का, एवढं कळव. मी बरी आहे. इथे हातातल्या काचेचा नंबर चुकला तर माणूस समोर उभा असतो, लगेच सांगतो."

यावर मला काही म्हणायचं नाही. म्हणजे म्हणायला पुष्कळ होतं, मी दोन पानं लिहिली आणि वाचून पाहिली. दोन्ही पानांत मी तुला माझी बाजू समजावून सांगत होते. ती फाडली.

एक दिवस. मी एक दिवस थांबले असते तर, हे वाक्य मी रोज करते आणि पुढे करता येत नाही.

कार्यालयात मी सगळं सांगितलं, संमतीचंही. साहेबांनी माझं काम काढून घेतलं. बरोबर केलं. शंकासुर दारापर्यंत आला. "बाई, तुम्ही मला खोटं सांगितलंत," म्हणाला. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मला शंका यायला हवी होती." बिचाऱ्याला त्याचंच जास्त लागलं होतं.

बाईंचा पत्ता लागला. त्या आता शिकवण्या घेतात, गणिताच्याच. त्यांना प्रमाणपत्र नको आहे. त्यांनी एवढंच विचारलं की त्यांचं उत्तर बरोबर होतं असं कुणी सहीनिशी लिहून देईल का. मी दिलं. ट्रकचालक आठव्या आठवड्यावर आहे. त्याची बायको शेजारी बसून वाचून दाखवते, असं तो म्हणतो.

काम सोडताना माझ्याकडच्या जुन्या तक्रारी कार्यालयाला परत द्यायच्या होत्या. देण्याआधी मी तुझी उघडली. जोडलेला फोटो आज पहिल्यांदा पाहिला. पाहायचा नाही असं सांगणारा नियम आता कुठला उरला होता?

रेघांचा कागद, वरचा कोपरा फाटलेला. पहिली ओळ: सहा साइन x कॉस x म्हणजे तीन साइन दोन x. दुसऱ्या ओळीत तू इंटिग्रेशन केलं आहेस. तिथे आधी अधिक लिहिलं होतंस, ते खोडून वजा केलं आहेस. त्याच्या शेजारी समासात बारीक पेन्सिलीनं लिहिलं आहेस, "चिन्ह बघ! — मावशी". खाली उलट करून ताळा घेतला आहेस. तिथेही समासात, "घाई नको". आणखी खाली, "C कुठे आहे?" मी हे सगळं तुला कधी म्हटलं ते मला आठवत नाही. पण शब्द माझेच आहेत, ओरडण्यासकट. मशीनशी तू भांडत होतीस तेव्हा मी तुझ्या कागदावर होते. आणि शेजारच्या खोलीतही होते.

मी तो कागद चष्मा पुसून दोनदा वाचला. नंतर छापून घेतला, टेबलावर ठेवला, आणि तुझ्या खोलीतली खुर्ची आणून त्याच्या शेजारी बसले. एकेक ओळ बोट ठेवून पाहिली, जशी तू त्या दिवशी पाहायला सांगितली होतीस. लाल पेन्सिल घेतली नाही.

ठके, पाहिलं. चिन्ह बरोबर आहे. ताळाही बरोबर आहे. C लिहिलेला आहे.

मावशी